पुलाच्या भाषणातले एकोणीस सेकंद

“बाई, पुलाच्या सिनेमातल्या त्या भाषणात मधले एकोणीस सेकंद तुमच्या आवाजात नाहीत, असं आम्ही ऐकलंय. खरं आहे का?”

एवढं विचारून भोंगा खाली बसली नाही. पैज तशीच लागली होती. प्रश्न भर सभागृहात, माइकवरून, एकही शब्द न गाळता विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं. मध्येच टेकलीस तर हरलीस, असं तिच्या मैत्रिणीने, चष्मिसने, बजावलं होतं, आणि दुसरी मैत्रीण लंबी साक्षीदार म्हणून शेजारच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसली होती. तिने नंतर शपथेवर सांगितलं की सभागृहात इतकी शांतता पसरली, की मागच्या रांगेत कुणीतरी चॉकलेटचा कागद उलगडायला घेतला होता तो तसाच धरून ठेवला.

भोंगा हे नाव काही तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. आठवीपर्यंत ही मुलगी हजेरीला इतक्या हळू ‘हजर’ म्हणायची, की वर्षातून चार-पाच दिवस तिची फुकट गैरहजेरी लागायची. मग गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात ऐन आभारप्रदर्शनाच्या वेळी वीज गेली, माइक मेला, आणि आभाराचा कागद नेमका तिच्या हातात होता. तिने तो कागद असा काही वाचला की सभागृहाबाहेर सायकली लावणाऱ्यांनाही आपले आभार मानल्याचं कळलं. तेव्हापासून ती भोंगा. एखाद्या पदवीसारखं ती हे नाव मिरवायची. चौदा वर्षं साठून राहिलेलं बोलणं एका वर्षात बाहेर काढायचं म्हणजे वेळ पुरत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

स्टेजवर ज्या बसल्या होत्या त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. चेहरा कुणी ओळखणार नाही, पण तोंड उघडलं की रिक्षावाला मागे वळून बघेल, असा त्यांचा आवाज. परक्या भाषेतल्या किती नायिका त्यांच्या गळ्यातून आपल्या भाषेत बोलल्या याची मोजदाद नाही. पण नाव झालं ते एका भाषणामुळे. पूल पडतो, माणसं जातात, चौकशी समिती बसते, आणि नदीकाठच्या दवाखान्यातली एक नर्स समितीपुढे उभी राहून चार मिनिटं बोलते. वीस वर्षं झाली त्या सिनेमाला. मूळ भाषेत तो कुणाला आठवत नाही म्हणे, पण इकडे असं एक वर्ष जात नाही की एखाद्या शाळेच्या स्टेजवर एखादी मुलगी ते भाषण म्हणत नाही. आधी ती नर्स चिडते, ओरडते. मग एकदम कागद हातात घेते आणि नदीतून काढलेल्या वस्तूंची यादी वाचते. छत्र्या एकतीस. चपला दोनशे सहा, त्यांत जोड्या सत्तर. जेवणाचे डबे चव्वेचाळीस, पैकी भरलेले एकोणचाळीस. चष्मे नऊ. केकचा खोका एक, आत केक कोरडा.

ही यादी ती इतक्या कोरडेपणी वाचते, की बघणाऱ्याच्या घशाशी येतं. ‘इथे आवाज सपाट करणे’ असं वक्तृत्वाच्या सगळ्या मॅडम वहीत लिहून देतात. तेच ते एकोणीस सेकंद.

तर बाई क्षणभर भोंगाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, तुझं नाव काय गं. भोंगाने खरं नाव सांगितलं, आडनावासकट. आडनाव ऐकून बाईंनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला आणि म्हणाल्या, “सगळं भाषण माझं आहे. ते सेकंदसुद्धा.” आणि पुरावा मागायची वेळ येऊ नये म्हणून की काय, बसल्या बसल्या त्यांनी ती यादी म्हणून दाखवली. छत्र्यांपासून केकपर्यंत, हुबेहूब. टाळ्या थांबेनात. सिनेमा मंडळ चालवणारे इतिहासाचे सर भोंगाकडे असे बघत होते, जणू तिने नकाशावरचा एखादा देश पुसून टाकलाय.

पैज तिने जिंकली होती. हरली काय होती, हे तिला टाळ्या ओसरल्यावर आठवलं.

बाई शाळेत काही उगाच आल्या नव्हत्या. दरवर्षी त्या या शाळेतलं एक मूल निवडत आणि वर्षभर दर शनिवारी सकाळी स्टुडिओत बसवून आवाजाचं काम शिकवत. एकच मूल. यंदा सरांनी तिघांची नावं काढली होती आणि त्यांत भोंगा होती. ती ही जागा मिळावी म्हणून किती आसुसली होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. इतकं बोलणारी मुलगी नेमकं हेच बोलली नव्हती. येत्या शनिवारी बाई पुन्हा येऊन नाव जाहीर करणार होत्या. आणि हिने काय केलं, तर ज्या फांदीवर चढायचं तिलाच करवत लावली. सरांनी तिला बाहेर गाठून एवढंच विचारलं, की हा प्रश्न तुझ्या डोक्यातून आला की कुणी घातला. ती म्हणाली, माझ्याच. मैत्रिणींची नावं सांगायची नसतात, एवढी रीतभात तिला होती.

प्रश्न मुळात आला होता भोंगाच्या घरातून.

तिची आई त्याच स्टुडिओत काम करायची. आईच्या कामाचं नाव कुणाला सांगितलं तर कळायचं नाही, म्हणून भोंगा ते करून दाखवायची. पडद्यावरच्या परक्या बाईचे ओठ जिथे मिटतात तिथे आपल्या वाक्यात प, ब, म असलं काहीतरी यायला हवं. तोंडाचा आ झाला तर आपल्याही शब्दात आ हवा. याला ओठ बसवणं म्हणतात. आई ओठ बसवायची. त्यामुळे घरात कुणी जेवताना बोललं तरी आई कानांपेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकते, असं बाबा म्हणायचे. बाबा त्याच स्टुडिओत सगळे आवाज शेवटी एकत्र जुळवायचे. बोलणं, पाऊल, दार, वारा. आता ते त्या खात्याचे मुख्य होते आणि नव्याने लागलेल्यांना पहिला महिनाभर फक्त रेकॉर्डिंगच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लावायचे. फार कडक, अशी त्यांची ख्याती होती.

झालं असं, की चष्मिस आणि लंबी गणितं सोडवायला घरी आल्या होत्या. आतल्या खोलीत आई बाबांना नव्या इस्त्रीबरोबर आलेलं माहितीपत्रक वाचून दाखवत होती. वायर तपासावी. पाणी रेघेपर्यंत भरावे. कापडावर ठेवून जाऊ नये. चष्मिसने पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली, अगं, तुझ्या घरात नर्स इस्त्री करतेय. लंबी हसून हसून वहीवर पडली. पण भोंगा हसली नाही. आईचा तो वाचायचा सूर ती जन्मापासून ऐकत आली होती, आणि सिनेमातले ते सेकंद तिने शंभरदा ऐकले होते. दोन्ही कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. कानाखाली वाजावी तसं तिला झालं. मग पैज लागायला काय वेळ.

सभागृहातल्या त्या सकाळनंतर घरी आल्यावर तिने आईला सरळ विचारलं. सिनेमातल्या आयांसारखी आई वांगी चिरत नव्हती की रडत नव्हती. ती छोट्या पडद्यावर एका माणसाचं तोंड पुढे-मागे करून बघत होती. तिने पडदा थांबवला. “आवाज सारखे असतात गं माणसांचे,” ती म्हणाली, आणि त्या माणसाला पुन्हा बोलतं केलं. बाबा चहा घेत होते. ते कप घेऊन बाहेर गेले. भोंगाने मनात दोनाला दोन जोडले आणि तिचे चार नव्हे, चांगले चाळीस झाले. म्हणजे आवाज आईचा, नाव बाईंचं. आईला कुणी फसवलंय, आणि आई गरीब गाय म्हणून गप्प आहे.

शाळेत तोवर वणवा पेटला होता. बाई खोटं बोलल्या हे भोंगाने फक्त दोघींना सांगितलं, आणि त्या दोघींनी फक्त दोघादोघांना. तिसऱ्या दिवशी पाचवीतली पोरंसुद्धा बाईंना ‘उसनवार बाई’ म्हणत होती. कुणीतरी फळ्यावर केकचा खोका काढला आणि खाली लिहिलं, आत आवाज दुसऱ्याचा. दहावीच्या टोळक्याने ठरवलं, की शनिवारी बाई स्टेजवर आल्या की सगळ्यांनी एका सुरात ती यादी वाचायची आणि शेवटी ‘उसनवार’ म्हणून ओरडायचं. भोंगाला हे ऐकून आधी गुदगुल्या झाल्या. आपल्या एका प्रश्नात इतकी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं. इतकी वर्षं तिचं ‘हजर’ ऐकू जात नव्हतं, आता ती खोकली तरी बातमी होत होती.

बुधवारी दुपारी सरांनी तिला बोलावून एक पत्ता दिला. बाईंनी तिघांनाही एकेक दिवस घरी चाचणीला बोलावलं होतं, आणि तिचंही नाव कायम होतं. सर म्हणाले, त्यांच्या जागी मी असतो तर तुला दारातही उभं केलं नसतं. आता जा, आणि तोंड सांभाळ.

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत सोफा, दोन कुंड्या, भिंतीला मानपत्रं. भोंगाने चपला काढता काढता वाचून घेतलं, सहांपैकी चार मानपत्रांत ‘संयत’ हा शब्द होता. आतली खोली मात्र एखाद्या गादीच्या आत शिरल्यासारखी. भिंतींना जाड कापड, खिडकीला दोन पडदे, मध्ये माइक आणि एक लाकडी उंच स्टूल. बाई इकडचं तिकडचं काही बोलल्या नाहीत. त्यांनी हातात एक कागद दिला आणि वाच म्हणाल्या. कागदावर एका भांडणाचा प्रसंग होता. भोंगाने जीव तोडून वाचला, दोन माणसांचे दोन आवाज काढले, शेवटी डोळ्यांत पाणीही आणलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आता हेच कच्चं वाच.

कच्चं म्हणजे काय, ते त्यांनी समजावलं. डबिंगमध्ये प्रत्येक तुकडा दोनदा रेकॉर्ड होतो. आधी ओठ बसवणारी वाचते, तो कच्चा आवाज. त्यात भाव घालायचा नाही; शब्द कुठे सुरू होतो, कुठे ओठ मिटतात, एवढंच. बोलणारी नंतर तो हेडफोनमध्ये ऐकत ऐकत पक्का आवाज देते. कच्च्यात भाव आला तर पक्कीवाली नकळत त्याची नक्कल करते, म्हणून चांगली कच्ची वाचणारी म्हणजे भिंतीसारखी सपाट. बाई म्हणाल्या, “तुझ्या आईइतकं सपाट वाचणारं मी अजून पाहिलं नाही.”

भोंगाने कच्चं वाचायचा प्रयत्न केला. तीन वेळा केला. प्रत्येक वेळी तिसऱ्या ओळीपाशी तिच्या आवाजाला आपोआप पाय फुटायचे. बाई पहिल्यांदा हसल्या. मग भोंगाला राहवलं नाही आणि तिने तोंड सांभाळायचा सरांचा सल्ला खुंटीला टांगला. म्हणाली, म्हणजे ते सेकंद आईचेच आहेत. तुम्ही सगळ्यांसमोर खोटं बोललात.

“हो,” बाई म्हणाल्या. “बस.”

त्यांनी कपाटातून एक चपटा डबा काढला. आत फीत होती, जुन्या पद्धतीची. ती यंत्रावर चढवताना त्या सावकाश बोलत होत्या, जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत. सिनेमा शुक्रवारी लागायचा होता आणि शेवटचं रीळ मंगळवारी हातात आलं. सगळे तीन दिवस तिथेच. नर्सच्या यादीचा तुकडा भोंगाच्या आईने कच्चा वाचला, मग बाईंनी पक्का दिला. दोन फिती, दोन डबे, एकच आकडा; एकाच्या झाकणावर ‘क’, एकाच्या झाकणावर ‘प’. आवाज जुळवायला एक नवा मुलगा होता. चांगला कान, पण झोप नाही. त्याने दोन्ही डबे एकदम उघडले आणि झाकणं उलटी, एकाचं दुसऱ्याला, लावली; पक्की समजून सिनेमात गेली ती कच्ची फीत.

“तो मुलगा म्हणजे बाबा,” भोंगा म्हणाली. ते विचारणं नव्हतं.

दोघींचे आवाज जवळचे; म्हणून तर आईला तिथे कच्चं वाचायला घेतलं होतं. त्यात चौकशीच्या प्रसंगातल्या सभागृहाचा घुमारा मिसळलेला. शुक्रवारी पहिल्या खेळाला बाई स्वतः जाऊन बसल्या, तेव्हा त्यांना पडद्यावरून इस्त्रीचं माहितीपत्रक ऐकू आलं. इस्त्रीचं भोंगाने नंतर सांगताना आपल्या पदरचं घातलं. बाई म्हणाल्या होत्या, किराण्याची यादी. सिनेमाच्या प्रती तोवर गावोगाव गेलेल्या. संध्याकाळी तो मुलगा आणि ती कच्चं वाचणारी बाईंच्या दारात उभे राहिले. मुलाच्या हातात हा डबा होता. मालकाला कळलं तर त्याला उभं करणार नाहीत, पुन्हा कुठल्याच स्टुडिओत घेणार नाहीत, एवढं ती वाचणारीच बोलली. तो नुसता उभा. बाईंनी दोघांना शब्द दिला, की हे कधी बाहेर जाणार नाही. त्यांना वाटलं होतं, एकोणीस सेकंद कुणाच्या लक्षात राहणार.

“आणि मग लक्षात तेवढेच राहिले,” बाई म्हणाल्या. “लोक भेटायचे ते त्यावरच बोलायचे. मानपत्रं त्यावरच मिळाली. कार्यक्रमात म्हणा म्हणायचे. मग मी घरी बसून तुझ्या आईची नक्कल शिकले. आठ महिने लागले.”

मग त्यांनी फीत सुरू केली.

आधी खरखर. मग बाईंचा आवाज, वीस वर्षांनी तरुण. छत्र्या एकतीस. भोंगाला वाटलं होतं की आता हुंदके येतील, ओरडणं येईल. तसलं काहीच नव्हतं. कपाटात काहीतरी शोधताना माणूस पुटपुटतो तशी ती नर्स यादीत काहीतरी शोधत होती. प्रत्येक वस्तूला अर्धा क्षण थांबून, हे नाही, म्हणून पुढे जात होती. जोड्या सत्तर म्हणताना ती घाईत होती. चष्मे नऊ म्हणताना घाई संपली. नऊच्या नऊ तिने जणू डोळ्यांना लावून पाहिले. आणि केकचा खोका एक, आत केक… इथे ती हसली. अगदी थोडं, नाकातून. भरल्या नदीतून कोरडा केक निघाला याचं खरोखर हसू आल्यासारखं. ‘कोरडा’ हा शब्द त्या हसण्यातून कसाबसा बाहेर पडला.

फीत संपून नुसती फटफट फिरत राहिली. भोंगाच्या हातांवर काटा आला होता आणि तो जाईना. तिने ते भाषण शंभरदा ऐकलं होतं, दोनदा स्वतः म्हटलं होतं, आणि आत्ता तिला पहिल्यांदा कळलं की त्या नर्सचं कुणीतरी त्या पुलावर होतं. सिनेमात ते कुठेच सांगितलेलं नाही.

हे त्याहून चांगलं आहे, ती म्हणाली. म्हणजे आईपेक्षा.

बाई म्हणाल्या, मला माहीत आहे. मी आयुष्यात यापेक्षा चांगलं काही केलेलं नाही. तीन माणसांनी ऐकलंय. आज तू चौथी.

त्यांच्या बोलण्यात ना राग होता ना रडगाणं. त्यांनी फीत गुंडाळून डब्यात ठेवली आणि झाकण नीट दाबलं. मग कामाचं बोलल्या. तिघांमध्ये कान तुझाच, त्या म्हणाल्या. आवाज अजून मोकाट आहे, त्याला वेसण घालता येईल. जागा तुझी. शनिवारी नाव सांगते. फक्त एक अट, आज इथे ऐकलंस ते या खोलीत राहील. भोंगाने विचारलं, आणि शाळेत तुम्हाला काय म्हणतात ते माहीत आहे का? बाई म्हणाल्या, उसनवार. बरं आहे की नाव. मी तुझ्या वडिलांना शब्द दिलाय, त्यात ‘कुणी नावं ठेवली तर मोडेन’ असं नव्हतं. उद्यापर्यंत विचार करून सरांना कळव.

भोंगा जिना उतरून खाली आली, तर दारात दोघी पहारा देत बसल्या होत्या. मिळाली का, लंबीने विचारलं. भोंगा म्हणाली, मिळाली. चष्मिस तिच्याकडे चष्म्याच्या वरून बघत राहिली. म्हणाली, वा, म्हणजे तोंड बंद करायला खाऊ दिला म्हणायचा. ती गमतीत म्हणाली, पण भोंगाला ते लागलं, कारण शनिवारी नाव जाहीर झालं की अख्खी शाळा हेच म्हणणार होती, आणि गमतीत म्हणणार नव्हती. बाईंच्या माथी आणखी एक आरोप. ती जागा घेऊन गप्प बसली, तर बाई चोरट्याच्या चोरट्या राहणार आणि वर लाचखाऊ शिष्येच्या गुरू. ती बोलली, तर अट मोडली, जागा गेली. तिने हे दोन्ही बाजूंनी उलटंपालटं करून पाहिलं. तिसरी बाजू सापडेना. चष्मिसला विचारावं तर सांगता येईना, काय विचारायचंय ते.

घरी जाऊन ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. जेवताना आईने दोनदा तिच्या तोंडाकडे पाहिलं, सवयीने. पण मिटलेल्या ओठांत बसवायला काही नव्हतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत ती सरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, माझं नाव यादीतून काढा. सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. त्यांनी तिला विचारलं की डोकं ठिकाणावर आहे ना, ही जागा पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही, दहावीत तर नाहीच. तिला ते माहीत होतं. बाहेर येऊन ती नळावर गेली आणि उगाचच बराच वेळ पाणी प्यायली. मग पुन्हा खोलीत येऊन तिने आणखी एक गोष्ट सरांकडून मागून घेतली: शनिवारी बाई स्टेजवर यायच्या आधी माइकवर दोन मिनिटं. सर नाहीच म्हणत होते. ती म्हणाली, माझा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेला, तेवढं दुरुस्त करायचंय. इतिहासाच्या शिक्षकाला दुरुस्तीला नाही म्हणणं जड जातं.

संध्याकाळी आईबाबा दोघंही घरी होते. बाबा स्वयंपाकघराच्या टेबलावर एका छोट्या स्पीकरची जाळी ब्रशने साफ करत होते. आई कागद पुढे घेऊन ओठ बसवत होती. स्वतःशीच एक वाक्य पुटपुटायची, खोडायची, दुसरं पुटपुटायची. भोंगा दारात उभी राहिली आणि म्हणाली, मी बाईंकडे ती फीत ऐकली.

ब्रश थांबला. आईने पेन्सिल कागदावर आडवी ठेवली.

बाबांनी सांगायला सुरुवात केली, की त्या वेळी तीन दिवस झोप नव्हती, की पुढे दरवर्षी मनात यायचं आता सांगू, आता सांगू. पण जितकं भाषणाचं नाव होत गेलं तितकं सांगणं अवघड झालं. आता खात्यात चौदा माणसं हाताखाली आहेत, त्यांना रोज चिठ्ठ्यांवरून बोलतो. ते बोलत होते तेव्हा तिच्याकडे बघत नव्हते, जाळीकडे बघत होते. आई म्हणाली, दारात बोलले मी होते, त्यांना एकट्याला धरू नकोस. मग तिने विचारलं, फीत कशी आहे. तिने ती त्या दिवसानंतर कधी ऐकली नव्हती. भोंगा म्हणाली, शेवटी हसतात त्या. आईने मान हलवली. हो, ती म्हणाली, ते हसणं मला आठवतं. त्या हसल्या तिथे पडद्यावर नर्सचे ओठ किंचित उघडे होते, आणि मला तिथे बसवायला शब्दच सापडला नव्हता. शेवटपर्यंत ती जागा मी रिकामी ठेवली होती.

मग बाबांनी विचारलं, आता तुझं काय म्हणणं आहे.

ओरडून सांगायचं नाही असं भोंगा ठरवून आली होती, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, की आवाज सांभाळायला काही करावं लागलं नाही.

“मी ती जागा सोडली. सरांना आज सांगून आले. शनिवारी, बाई स्टेजवर यायच्या आधी, मी माइकवर सांगणार आहे की यादी वाचणारा आवाज आईचा आहे, झाकणं बाबांनी उलटी लावली, आणि बाई खोटं बोलल्या ते तुमच्यासाठी. शब्द तुम्हा तिघांमध्ये दिला-घेतला गेला. माझ्याकडून बाईंनी मागितला होता, तो मी दिलेला नाही. बाबा, तुम्ही स्वतः येऊन सांगणार असाल तर मी माझी दोन मिनिटं तुम्हाला देते. नाहीतर मी बोलणार. हे मी विचारत नाहीये, ठरवून सांगतेय.”